लहान मुलांचा आहार आणि व्यायाम: आईला माहीत असलेलं रोजच्या सवयीत कसं उतरवायचं

मुलांनी भाज्या खाव्यात, गोड कमी खावं, भरपूर खेळावं, मोबाइल कमी बघावा. कुठल्याही आईला विचारा, ती न अडखळता सांगेल. तरीही संध्याकाळी दमलेली आई आणि किरकिरं मूल समोरासमोर आले की हातात बिस्किटांचा पुडा येतो आणि समोर मोबाइल. हा आळस नाही आणि अज्ञानही नाही. मुलांचा आहार आणि हालचाल याबद्दल आयांना काय माहीत आहे आणि त्या प्रत्यक्षात काय करतात, हे तपासणाऱ्या पाहण्या अनेक देशांत झाल्या आहेत. त्यांत वारंवार दिसतं ते हेच, की माहिती बरी असते आणि आचरण तिच्या मागे राहतं.

पण माहितीही सगळीकडे पुरेशी असते असं नाही. तीन ठिकाणी ती हमखास तोकडी पडते: मूल किती वाढायला हवं, त्याला किती खाणं पुरतं, आणि लहान मुलाचा व्यायाम म्हणजे नेमकं काय. चुकीच्या सवयी बहुतेक इथूनच सुरू होतात. म्हणून आधी हे तीन प्रश्न सोडवू आणि त्यांच्या आधारानं दिवस बदलू. डोळ्यांसमोर मुख्यतः एक ते सहा वर्षांची मुलं आहेत; त्याहून लहान बाळांसाठी जिथं नियम वेगळा आहे, तिथं तो सांगितला आहे.

पायरी 1: ताटाच्या आधी वाढीचा तक्ता बघा

"पूर्वी छान खायचा, आता काही खातच नाही." ही तक्रार बहुधा पहिल्या वाढदिवसानंतर सुरू होते, आणि त्यामागे साधं कारण आहे. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं आणि उंची जवळपास 25 सेंटिमीटरनं वाढते. दुसऱ्या वर्षात उंचीची वाढ सुमारे 12 सेंटिमीटरवर येते. त्यानंतर ती वर्षाला 6 ते 8 सेंटिमीटर असते आणि वजन वर्षाला साधारण 2 किलोनं वाढतं. वाढीचा वेग इतका उतरल्यावर भूकही उतरणारच. मुलाचं काही बिघडलेलं नसतं. पण आईला हे कुणी आधी सांगितलेलं नसतं, म्हणून ती घाबरते, आणि त्या घाबरण्यातून मागे पळून भरवणं, मोबाइल दाखवून तोंडात घास सारणं, "निदान दूध तरी पी" म्हणत बाटली देणं सुरू होतं.

आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. एक ते पाच-सहा वर्षांच्या दरम्यान उंचीच्या मानानं वजन कमी होत जातं. बाळसं जातं, गाल बसतात, हात वर केले की बरगड्या दिसतात. हे निरोगी वाढीचं लक्षण आहे. त्याउलट, या वयात जे मूल गुबगुबीत दिसत राहतं त्याचं घरात कौतुक होतं, आणि वजन खरोखर जास्त असलं तरी घरच्यांना ते जाणवत नाही. आपलं वजन जास्त असलेलं मूल "ठीकच आहे" असं सांगणारे पालक जगभर मोठ्या संख्येनं आढळले आहेत. त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका, आणि शेजारच्या मुलाशी तुलना तर मुळीच नको.

भरवशाचं साधन म्हणजे वाढीचा तक्ता. जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी वाढीची मानकं प्रसिद्ध केली. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या मुलांची मोजमापं त्यांच्या मुळाशी आहेत. पोषण, स्वच्छता आणि काळजी नीट मिळाली तर वेगवेगळ्या खंडांतली मुलं जवळपास सारखीच वाढतात, हे त्यातून दिसलं. म्हणजे "आमच्याकडची मुलं बारीकच असतात" किंवा "आमचं घराणंच जाड" असं म्हणून विषय सोडून देता येत नाही.

मुलाचं वजन आणि उंची दर तीन महिन्यांनी मोजा. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजतात, नंतर उंची उभं करून. आकडा तक्त्यावर टिंबानं मांडा आणि टिंबं जोडा. एका टिंबावरून काही कळत नाही. रेषा कुठे चालली आहे ते बघायचं. मूल खालच्या रेषेजवळ असलं तरी रेषेला धरून वर चाललं असेल, तर ते त्याच्या चालीनं वाढतं आहे. छापील रेषा ओलांडून ते सारखं खाली घसरत असेल किंवा वर चढत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

पायरी 2: तीन दिवस वहीत लिहा, काहीही न बदलता

मला ही पायरी सगळ्यांत मोलाची वाटते, आणि नेमकी हीच गाळली जाते. तीन दिवस मुलाच्या तोंडात जे जाईल ते सगळं लिहा: वेळ, पदार्थ, अंदाजे किती, कुणी दिलं, आणि तेव्हा समोर टीव्ही किंवा मोबाइल चालू होता का. पाणी सोडून सगळी पेयं धरा. आजीनं हातावर ठेवलेला गोळीएवढा खाऊसुद्धा लिहा. शेजारच्या रकान्यात मूल कधी पळालं, कधी बसून होतं आणि कधी झोपलं तेही टिपा. या तीन दिवसांत काही सुधारायला जाऊ नका, नाहीतर वही खरं सांगणार नाही.

"जेवतच नाही" म्हणून आईला काळजी लागलेल्या एखाद्या दोन वर्षांच्या मुलाचं पान असं असू शकतं: सकाळी 7 वाजता दूध 200 मिलिलिटर. साडेआठला तीन बिस्किटं. 10 वाजता फळाचा पाकीटबंद रस. साडेअकराला दूध 150 मिलिलिटर, "कारण सकाळपासून काहीच नीट खाल्लं नाही". साडेबाराला जेवण: दोन घास, मग रडारड. 4 वाजता दूध 200 मिलिलिटर.

हे मूल न खाणारं आहे का? ते सकाळपासून दर दीड तासानं काहीतरी घेतं आहे, जेवायला बसवलं तेव्हा पोट भरलेलंच होतं. शिवाय चार वाजेपर्यंत त्याच्या पोटात 550 मिलिलिटर दूध गेलं. एक वर्षानंतर दिवसाला साधारण 500 मिलिलिटरच्या आत दूध पुरतं. त्याहून बरंच जास्त झालं की जेवणाची जागा दूध घेतं, आणि गाई-म्हशीच्या दुधात लोह जवळपास नसतंच. दूध भरपूर पिणारी, गुटगुटीत दिसणारी मुलंही त्यामुळे लोहाअभावी रक्तक्षयाला बळी पडतात.

तुमच्या वहीत चार गोष्टी शोधा. दोन खाण्यांत किती अंतर आहे? दूध आणि गोड पेयं मिळून किती होतात? किती खाणी पडद्यासमोर झाली? सलग तासाभराहून जास्त वेळ मूल बसून होतं असं किती वेळा झालं? यातलं जे सगळ्यांत ठळक दिसेल, तिथूनच सुरुवात करा. बाकीचं नंतर.

पायरी 3: खाण्याच्या वेळा बांधा

बहुतेक घरांत ही एकच दुरुस्ती निम्मं भांडण मिटवते. एक वर्षानंतर तीन जेवणं आणि मध्ये एक-दोन छोटी खाणी, प्रत्येकात दोन ते तीन तासांचं अंतर. मधल्या वेळात फक्त पाणी. जेवण वीस ते तीस मिनिटांचं. त्यानंतर ताट शांतपणे उचलायचं. सहा ते आठ महिन्यांच्या, आईचं दूध पिणाऱ्या बाळाला दिवसातून दोन ते तीन वेळा वरचं खाणं पुरतं, नऊ महिन्यांनंतर तीन ते चार वेळा. आईचं दूध अर्थातच चालू ठेवायचं, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही.

पहिले चार-पाच दिवस कठीण जातील. मूल मध्येच मागेल, रडेल. "आता खेळून झालं की खाऊची वेळ" एवढं सांगा आणि वेळ आली की खरंच द्या. वेळ पाळली जाते हा भरवसा बसला की मागणं कमी होतं.

पायरी 4: ताटात काय, आणि काय नाही

मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ वापरतात तीच पद्धत घरीही सोपी पडते. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांसाठी अन्नाचे आठ गट धरतात: आईचं दूध; धान्यं आणि कंद; डाळी, कडधान्यं, दाणे आणि बिया; दूध आणि दुधाचे पदार्थ; मांस आणि मासे; अंडी; जीवनसत्त्व अ भरपूर असलेल्या भाज्या-फळं, म्हणजे गाजर, लाल भोपळा, गडद हिरव्या पालेभाज्या; आणि इतर भाज्या-फळं. दिवसभरात निदान पाच गट पोटात गेले पाहिजेत. आईचं दूध सुटल्यावर उरलेल्या सातांतून पाच साधा. प्रत्येक जेवणात सगळं कोंबायची गरज नाही, दिवसाचा हिशेब बघायचा.

यात लोहावर खास लक्ष हवं. बाळ जन्मताना सोबत आणलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधातून मिळणारं लोह तेव्हा पुरत नाही. म्हणून वरचं खाणं सहा महिने पूर्ण होताच सुरू करायचं, आणि त्यात नुसती पेज न देता डाळ, अंडं, मांस-मासे लवकर आणायचे. घरात मांसाहार नसेल तर डाळी आणि पालेभाज्यांसोबत आंबट फळ किंवा लिंबू द्या. क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतलं लोह जास्त शोषलं जातं. चहा मात्र शोषण अडवतो, तो या वयात नकोच.

किती वाढायचं? प्रत्येक पदार्थ वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मोठा चमचा, इथून सुरुवात करा. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भाजी ही पूर्ण वाढणी आहे. हे वाचून बऱ्याच आयांना आश्चर्य वाटतं, कारण आपण मुलाचं ताट आपल्या ताटाच्या मापानं भरत असतो. संपलं आणि मागितलं तर आणखी द्या.

साखरेचं गणित एकदा नीट मांडू. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या आणि रसातल्या साखरेचा वाटा 10 टक्क्यांच्या आत असावा, 5 टक्क्यांच्या आत आला तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना 2015 पासून सांगते. तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1200 उष्मांक लागतात. त्याचे 5 टक्के म्हणजे 15 ग्रॅम साखर, चारेक छोटे चमचे. 200 मिलिलिटर गोड पेयात साधारण 20 ग्रॅम साखर असते. एका पेल्यात दिवसाची साखर संपून वर उरली. दोन वर्षांच्या आत तर वरून साखर घालूच नये. पाकिटावर "फळांचा", "पौष्टिक", "वाढीसाठी" असं काहीही लिहिलेलं असो, उलटून मागची साखर वाचा. फळ चावून खाऊ द्या. रस एक वर्षाच्या आत नकोच, आणि एक ते तीन वर्षांपर्यंत दिलाच तर दिवसाला 120 मिलिलिटरच्या आत.

काही गोष्टींत तडजोड नको. एक वर्षाच्या आत मध चाटवू नये, अगदी थेंबभरही नाही. त्यातल्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. एक वर्षाच्या आत खाण्यात वरून मीठ आणि साखर नको, आणि मुख्य पेय म्हणून गाई-म्हशीचं दूध नको. अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न, कडक गोळ्या चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नयेत. घशात अडकून जीव जाऊ शकतो. दाणे कुटून द्या, द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा, आणि मूल खाताना बसलेलंच हवं.

पायरी 5: वाटणी ठरवा, आईचं काय आणि मुलाचं काय

काय शिजवायचं, कधी द्यायचं आणि कुठे बसून खायचं, हे आई ठरवेल. त्यातलं किती खायचं, आणि खायचं की नाही, हे मूल ठरवेल. निरोगी मुलांच्या बाबतीत हा नियम टिकतो, कारण भूक आणि पोट भरणं ओळखण्याची जाण मुलाला उपजतच असते. "एवढा एक घास", "ताट स्वच्छ कर", "संपवलंस तर चॉकलेट" हे रोज ऐकून ती जाण बोथट होते. बक्षिसाच्या अटीवर खाल्लेली भाजी मुलाला नावडती होते आणि चॉकलेटची किंमत मात्र वाढते.

एक जेवण जवळून बघा. अडीच वर्षांची मुलगी पहिले पाच-सात घास स्वतः घेते. मग चमच्यानं खेळू लागते, घास गालात धरून ठेवते, मान वळवते. बऱ्याचदा भरवणारीचा हात याच क्षणी आणखी जवळ जातो. मुलगी ओठ घट्ट मिटते. आता विषय भुकेचा राहिलाच नाही, जिंकण्याचा झाला. मान वळली तेव्हा हात खाली ठेवून "पोट भरलं का?" एवढं विचारायचं, दोन मिनिटं थांबायचं, आपण आपलं जेवत राहायचं. तिला आणखी हवं असेल तर ती घेईल. नसेल तर पुढचं खाणं दोन-तीन तासांवर आहेच, तेवढ्यानं तिची वाढ थांबत नाही.

नवीन भाजीला पहिल्यांदा नकार मिळाला म्हणजे ती नावडती ठरली असं नाही. आवड जमायला तोच पदार्थ आठ ते पंधरा वेळा समोर यावा लागतो, आणि बहुतेक घरं तीन-चार वेळांत हरतात. ओळखीच्या पदार्थाशेजारी एक छोटी फोड ठेवा. नुसती बघितली, हातात घेतली, चाटून थुंकली, तरी ती एक वेळ धरा. काही बोलू नका, स्तुतीही बेताची. आणि तीच भाजी तुमच्या ताटात असू द्या, तुम्ही ती खाताना मुलाला दिसू द्या.

पायरी 6: व्यायाम म्हणजे हालचाल, ती दिवसभर पसरा

"एवढ्या लहान मुलाला कसला व्यायाम?" असं वाटतं, कारण डोळ्यांसमोर कवायत येते. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये दिलेले आकडे असे: एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून निदान 180 मिनिटं हालचाल हवी. तीन वर्षांपासून त्यातली निदान 60 मिनिटं धाप लागेल, गाल लाल होतील अशी हवीत. रांगण्याआधीच्या बाळाला जागेपणी, कुणीतरी समोर बसून, थोडं थोडं करत दिवसातून निदान 30 मिनिटं पालथं ठेवायचं. झोपताना मात्र बाळ पाठीवरच. पाच वर्षांनंतर दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल.

180 मिनिटं ऐकून दडपण येतं, पण त्यात चालणं, चढणं, वाकून वस्तू उचलणं, नाचणं सगळं धरलेलं आहे. अडचण बहुधा वेळेची नसते. आपणच हालचाल अडवत असतो. चालू शकणारं मूल बाबागाडीत, उंच खुर्चीत, गाडीच्या सीटवर तासन् तास बांधलेलं असतं. सलग एका तासाहून जास्त असं बांधून ठेवू नये. पाच मिनिटांचं अंतर असेल तर चालू द्या, त्याला पंधरा मिनिटं लागली तरी चालेल. घरकामातही घ्या: कपडे बादलीतून उचलून देणं, भाजीची पिशवी ओढत आणणं. आईची कामं थोडी लांबतात, पण खेळायला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

वयाप्रमाणे खेळ निवडा. दीड-दोन वर्षांचं मूल ढकलतं, ओढतं, पायऱ्यांवर हात धरून चढतं, चेंडू पायानं लोटतं. तिसऱ्या वर्षात दोन्ही पायांनी उडी जमते. जमिनीवर खडूनं रेघा मारा आणि ओलांडायला लावा. चौथ्या-पाचव्या वर्षी लंगडी, लटकणं, तीनचाकी किंवा सायकल, पकडापकडी. घर लहान असेल तर गादीवर कोलांट्या, मोज्यांचा चेंडू करून बादलीत फेकणं, गाणं थांबलं की पुतळा होणं. शिकवणी वर्गाची गरज नाही.

जमेल तेव्हा हे बाहेर, उजेडात होऊ द्या. बाहेर रोज बराच वेळ घालवणाऱ्या मुलांत पुढे लांबचं अंधुक दिसण्याचा दोष कमी आढळतो. "पडेल" ही भीती खरी आहे, पण गुडघा खरचटणं आणि धोका यांत फरक करा. रस्ता, पाणी, उंची इथं पहारा हवाच. बाकी ठिकाणी दोन पावलं मागे उभं राहा. आणि मुलींना कपडे मळतील म्हणून बसवून ठेवू नका.

पायरी 7: पडदा आणि झोप

दोन वर्षांच्या आत पडदा नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाच्या आत, तोही जितका कमी तितका बरा. सगळंच एकदम जमणार नसेल तर जेवणाच्या वेळचा मोबाइल आधी बंद करा. पडद्याकडे बघत खाणाऱ्या मुलाला पोट भरलेलं कळत नाही आणि चवही कळत नाही. एक-दोन वर्षांच्या मुलांना दुपारची धरून 11 ते 14 तास, तीन-चार वर्षांच्या मुलांना 10 ते 13 तास झोप लागते. अपुऱ्या झोपेचं मूल चिडकं होतं, कमी खेळतं, गोड जास्त मागतं.

पायरी 8: हे एकट्या आईच्या अंगावर टाकू नका

मुलाच्या वजनाचा जाब आईला विचारला जातो, आणि खाऊ मात्र चौघं देतात. हे अन्यायाचं आहे, शिवाय त्यानं काम होत नाही. वहीचं पान घरातल्या सगळ्यांना दाखवा. मुलाचे बाबा, आजी-आजोबा, सांभाळणारी बाई किंवा पाळणाघर, सगळ्यांत मिळून एवढंच ठरवा: वेळा कोणत्या, मधल्या वेळात काय नाही, आणि जेवताना पडदा बंद. आजीला "खाऊ देऊ नका" म्हणण्याऐवजी चार वाजताचं खाणं तिच्या हातून द्यायला सांगा. तिचं देणंही राहतं आणि वेळही पाळली जाते. संध्याकाळी मुलाला बाहेर नेणं बाबांकडे द्या, रोजचं ठरलेलं.

एका वेळी एकच सवय बदला आणि दोन आठवडे तीच धरा. ती आधीच चालू असलेल्या गोष्टीला जोडा: "चहाचे कप धुऊन झाले की बाहेर" हे "रोज तासभर खेळायचं" यापेक्षा टिकतं. नको असलेला पदार्थ घरात आणूच नका, मग रोज नाही म्हणावं लागत नाही. आणि तुमचं स्वतःचं जेवण उभ्यानं, उरलंसुरलं खाऊन उरकू नका. मुलासोबत बसा, त्याच्यासोबत चाला. तुमच्या पोषणाची गरज त्याच्याइतकीच खरी आहे.

तीन महिन्यांनी पुन्हा तीन दिवसांची वही लिहा, वजन-उंची मांडा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा.

डॉक्टरांकडे कधी जायचं

वाढीची रेषा सतत खाली किंवा वर जात असेल. मूल फिकट, थकलेलं दिसत असेल किंवा माती, खडू खात असेल. गिळताना ठसका, वारंवार उलट्या, हट्टी बद्धकोष्ठता असेल. खाण्यात पाच-सातच पदार्थ उरले असतील आणि तेही कमी होत असतील. दीड वर्ष पूर्ण होऊनही मूल आधाराशिवाय चालत नसेल, किंवा आधी जमणारी हालचाल सुटली असेल, तर वाट बघू नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरहून कमी भरला तर लगेच दाखवा. साडेअकराच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण धरतात आणि उपचार त्याच दिवशी सुरू व्हायला हवेत. भूक वाढवणारी औषधं, टॉनिक, डबाबंद पावडरी स्वतःहून सुरू करू नका. ड जीवनसत्त्व, लोहाचे थेंब आणि जंताचं औषध कधी आणि किती, हे डॉक्टरांना विचारा. जाताना वही आणि वाढीचा तक्ता बरोबर न्या.